डोंगराचा फोटो नेमका कुठून काढला? सह्याद्रीतल्या नवख्यांसाठी ओळखपरेडीची पद्धत

रायगडाशेजारच्या लिंगाणा सुळक्याचा फोटो टाकला की भटक्यांच्या कुठल्याही गटात कुणीतरी लगेच नाव सांगून मोकळं होतं. पण तेवढ्याने काम होत नाही. लिंगाण्याच्या मागे रायगडाचा माथा पसरलेला दिसत असेल, तर फोटो काढणारा रायलिंगच्या पठारावर पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. मागे घाटमाथ्याची उंच भिंत असेल, तर तो रायगडाच्या बाजूला आहे आणि पूर्वेकडे बघतोय. सुळका एकच, पण पहिला फोटो काढायचा तर मोहरी गाव गाठायचं आणि दुसरा काढायचा तर पाचाड. गाडीने हे अंतर अख्ख्या दिवसाचा खेळ करतं.

म्हणून या लेखात "फोटोत काय दिसतंय" याला दुय्यम स्थान आहे. शोधायचं आहे ते कॅमेऱ्याचं ठिकाण. उदाहरणं सगळी सह्याद्रीतली आहेत.

काय काय हवं

- फोटोची मूळ फाईल, मिळाली तर.
- संगणकावर गूगल अर्थ प्रो (फुकट आहे). मोबाईलवरच्या गूगल अर्थमध्ये बारकाईने काम होत नाही.
- पीकफाइंडर. कुठल्याही बिंदूवरून दिसणारी डोंगरांची रेघ हा नावांसकट काढून देतो.
- सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे. नोंदणी केली की पीडीएफ उतरवून घेता येतात. समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांमधलं) उंचीचं अंतर २० मीटर असतं.
- सनकॅल्कसारखं सूर्याची दिशा सांगणारं संकेतस्थळ.
- कोपर्निकस ब्राउझर, ताज्या उपग्रहचित्रांसाठी.
- ट्रेसिंग पेपर, पेन्सिल आणि शाळेतला कोनमापक. यावर हसू नका.

१. आधी फाईल तपासा

मूळ फाईलच्या तपशिलात तारीख, वेळ, लेन्स आणि कधी कधी थेट अक्षांश-रेखांश असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की हे सगळं गळून पडतं, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकतं. समोरच्याला तेवढी विनंती करा, अर्ध्या वेळा पुढचं सगळं वाचायची गरजच राहत नाही.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. फाईलच्या नावात तारखेपुढे 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतील, तर ती तारीख फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला-गेला त्या दिवसाची आहे, काढला त्या दिवसाची नव्हे. आणि जुन्या डीएसएलआरमध्ये बॅटरी काढल्यावर घड्याळ पुन्हा लावलेलं नसतं. पहाटेचा फोटो दुपारी अडीचचा दाखवत असेल, तर त्या कॅमेऱ्याच्या वेळेवर विसंबू नका.

गूगल लेन्सवर फोटो टाकून बघायला हरकत नाही, पण मिळालेलं नाव फक्त उमेदवार समजा. एकाने चुकीच्या नावाने टाकलेला फोटो पुढे दहा जण त्याच नावाने टाकतात आणि लेन्स ते दहाही दाखले म्हणून पुढे करतं.

२. फोटो उलटा तर नाही?

आरशातल्यासारखे उलटे फोटो वाटतात त्याहून जास्त फिरत असतात. पाटीवरची अक्षरं, एसटीचं दार (डाव्या बाजूला असतं), सदऱ्याची बटणं बघून घ्या. माणूस किंवा पाटी नसेल तर डोंगरांचा क्रम बघायचा, पण तो जपून. आंबेवाडीकडून, म्हणजे उत्तरेकडून बघितलं तर डावीकडून उजवीकडे अलंग, मदन, कुलंग असा किल्ल्यांचा क्रम लागतो. रतनगडावरून बघितलं तर तोच क्रम कुलंग, मदन, अलंग होतो. दोन्ही फोटो खरे आहेत. क्रम बदलला म्हणून लगेच "उलटा आहे" म्हणू नका. आधी ऊन कुठल्या बाजूने पडलंय ते बघा.

३. हा सह्याद्रीच आहे का, आणि असला तर कुठला

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक. कड्यावर जवळपास समांतर आडव्या रेघा, मध्ये गवताचे पट्टे आणि पदर, वर पुन्हा कातळ. थर ठळकपणे तिरके किंवा वळलेले दिसले, तर एक तर कॅमेरा वाकडा धरलाय किंवा डोंगर दुसरीकडचा आहे. गोल गुळगुळीत धोंड्यांच्या राशी असतील तर तो ग्रॅनाइटचा मुलूख, हंपी किंवा रामनगरकडचा. गोलसर गवताळ डोंगर आणि फक्त घळींमध्ये गच्च झाडी दिसली की कुद्रेमुख किंवा मुन्नारकडे वळा. पावसाळ्यात हे फोटो "आपला सह्याद्री" म्हणून सर्रास फिरतात.

सह्याद्रीच आहे असं ठरलं की भाग ठरवायचा. बागलाणात डोंगर सुटे, उघडेबोडके आणि टोकदार. मांगी-तुंगीचे जोडसुळके दूरवरूनही चुकत नाहीत, आणि साल्हेर (१५६७ मीटर) शेजारच्या सालोट्यासोबतच दिसतो. सातमाळा रांगेत धोडप शोधा. त्याच्या कातळभिंतीला पडलेली चौकोनी खाच दिसली की उरलेली रांग तिच्या आधाराने लावता येते. कळसूबाईच्या परिसरात उंच, सरळ तुटलेले कडे आणि पायथ्याशी भंडारदऱ्याचं पाणी. नाणेघाटाजवळ जीवधन आणि त्याला खेटून उभी वानरलिंगी. वाई-महाबळेश्वरकडे माथे सपाट, वर जांभा, पाचगणीच्या टेबललँडसारखे. कोयनेच्या खोऱ्यात जंगल इतकं दाट की कातळ क्वचितच दिसतो. कोयनेचा फोटो असेल तर बांध, पाण्याचा आकार आणि वासोट्याशेजारचा नागेश्वर यांपलीकडे पकडायला फारसं काही नसतं. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

घाटमाथ्याची एक मोठी खूण आहे. प्रचंड कडे बहुतेक ठिकाणी पश्चिमेला, कोकणाकडे कोसळतात. पूर्वेला लांब सोंडा आणि पठारं उतरत जातात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा पश्चिममुखी कडा पूर्ण सावलीत असेल तर सकाळ आहे, उन्हात न्हालेला असेल तर दुपार उलटली आहे. धुक्यावर गोल इंद्रवज्र (सप्तरंगी कडं) उमटलेलं असेल तर काम आणखी सोपं. त्याच्या मध्यभागी कॅमेऱ्याचीच सावली असते, म्हणजे सूर्य बरोबर पाठीमागे.

४. ऋतू ठरवा

पिवळी सोनकी: सप्टेंबर-ऑक्टोबर. सोनेरी वाळकं गवत: नोव्हेंबर ते जानेवारी. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली: फेब्रुवारी-मार्च. उतारावर जळके काळे पट्टे: वणव्याचे दिवस, साधारण फेब्रुवारी ते मे. कारवीचा जांभळा सडा सात वर्षांनी पडतो, त्यामुळे त्या डोंगरावर कारवी कधी फुलली होती हे ठाऊक असेल तर वर्षसुद्धा हाती लागतं. धरणाच्या काठाला मातीचा रुंद उघडा पट्टा असेल तर उन्हाळा, पाणी झाडीला टेकलेलं असेल तर पावसाळ्याचा शेवट.

जळक्या पट्ट्याकडे दुर्लक्ष करू नका. २०२१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरात एक जण हरवला होता. त्याने मित्राला पाठवलेल्या धूसर फोटोत काजळी लागलेले पाय, खडक आणि खाली हिरवळ एवढंच होतं. पोलिसांनी तो फोटो जाहीर केला. एका हौशी माणसाने उपग्रहचित्रांशी ताडून माउंट वॉटरमनच्या आसपासची जागा सुचवली आणि शोधपथकाला तो माणूस सापडला. कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-२ या उपग्रहजोडीची चित्रं साधारण पाच दिवसांनी नवी मिळतात आणि एक ठिपका १० मीटरचा असतो. एखाद्या उतारावरचा वणव्याचा डाग त्यात सहज दिसतो.

५. क्षितिजाची रेघ उतरवून घ्या

खरं काम इथे सुरू होतं. पुढचा किल्ला, तंबू, उडी मारणारा मित्र हे सगळं विसरा. फोटोच्या सगळ्यात मागची डोंगररेघ ट्रेसिंग पेपरवर काढा. त्यापुढची दुसरी रेघ वेगळी काढा. धूसर असेल तर फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून घ्या.

मागची रेघ महत्त्वाची का, तर कॅमेरा शंभर मीटर सरकला तरी ती हलत नाही, म्हणून तिच्यावरून भाग आणि दिशा पक्की होते. पुढची रेघ मात्र मागच्या रेघेच्या तुलनेत लगेच सरकते, म्हणून तिच्यावरून नेमकी जागा सापडते. जवळचा सुळका दूरच्या एखाद्या शिखराच्या बरोबर रेषेत आलेला दिसला तर लॉटरी लागली. नकाशावर त्या दोघांना जोडणारी रेघ आपल्या बाजूला वाढवा, कॅमेरा तिच्यावरच कुठेतरी आहे. अशी दुसरी जोडी मिळाली की दोन रेघा जिथे छेदतात ती जागा.

नेढं (कातळाला पडलेलं आरपार भोक) दिसलं की "रतनगड!" असं ओरडायची घाई नको. नेढी राजगडाच्या सुवेळा माचीवर, मदनगडावर, इर्शाळगडावर, सातमाळेतल्या कण्हेरगडावर आणि महाबळेश्वरच्या केट्स पॉईंटजवळही आहेत. आरपार काय दिसतंय आणि पलीकडे कुठली रांग आहे, त्यावर निकाल.

६. सूर्य आणि सावली

पुणे-नाशिक पट्ट्यासाठी हे आकडे पाठ करा. २१ डिसेंबरला सूर्य उत्तरेपासून (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजून) ११५ अंशांवर उगवतो आणि २४५ वर मावळतो. २१ जूनला ६५ वर उगवतो आणि २९५ वर मावळतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना ९० आणि २७०. बाकीचे दिवस या टोकांच्या मध्ये. सूर्य डोंगराआड लवकर बुडाला तर दिशा एखाद-दोन अंश दक्षिणेकडे राहते.

मध्यान्ही सावल्या उत्तरेला पडतात. अपवाद मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा, तेव्हा मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. डिसेंबरात भरदुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी असते. "एप्रिलची दुपार" असं लिहिलेल्या फोटोत सावली इतकी लांब असेल तर मजकूर तरी चुकलाय किंवा वेळ.

होकायंत्र वापरत असाल तर महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही. ती डोकेदुखी आपल्याला नाही.

७. कोन मोजा

मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स साधारण २६ मिलिमीटरच्या तोडीची असते आणि आडव्या फोटोत सुमारे ६९ अंश मावतात. ५० मिलिमीटरला ४०, २०० मिलिमीटरला फक्त १०. फोटो ४,००० पिक्सेल रुंद असेल तर मोबाईलच्या मुख्य लेन्सवर मध्यभागी ५० पिक्सेल म्हणजे एक अंश. कडेला हा हिशोब बिघडतो, म्हणून मोजायची शिखरं शक्यतो मधली निवडा. झूम केलेला, कापलेला, पॅनोरामा किंवा अल्ट्रावाइड फोटो असेल तर हे आकडे लागू होत नाहीत.

आता पवना धरणाचं उदाहरण घ्या. फोटोत पाणी आहे, मागे तुंग किल्ला आहे आणि लोहगडही. कॅमेरा कुठे?

जवळच्याच तिकोना किल्ल्याच्या माथ्यावरून तुंग साधारण २९७ अंशांवर आणि लोहगड ३३६ वर येतो. मधला कोन चाळीसच्या आसपास, म्हणजे दोघं मोबाईलच्या एका फोटोत आरामात मावतात. तुंग डावीकडे, लोहगड उजवीकडे. लोहगडावरून दक्षिणेकडे बघितलं तर तिकोना डावीकडे आणि तुंग उजवीकडे, कोन पुन्हा चाळीसच्या जवळपास. पण तुंगवर उभं राहिलात तर लोहगड आणि तिकोना यांच्यामध्ये शंभर अंशांचं अंतर पडतं. "तुंगवरून" म्हणून दाखवलेल्या साध्या फोटोत हे दोन्ही किल्ले दिसत असतील, तर तो तुंगवरून काढलेलाच नाही.

याच आकड्यांवरून सूर्यास्ताची पारख होते. डिसेंबरात सूर्य २४५ वर मावळतो आणि तिकोन्यावरून तुंग २९७ वर आहे. म्हणजे तिकोन्यावरून तुंगमागे हिवाळी सूर्यास्त होऊच शकत नाही, पन्नास अंशांचा फरक आहे. तंबूंच्या फोटोंत तुंगमागे सूर्य बुडताना दिसतो ते फोटो पवनानगरच्या बाजूच्या काठावरचे.

उंचीचा हिशोबही करा. एक किलोमीटरवर एक अंश म्हणजे साडेसतरा मीटर, हे सूत्र वहीत लिहून ठेवा. तुंगचा माथा धरणाच्या पाण्यापासून अंदाजे ४६० मीटर वर आहे. फोटोत तो पाण्यापासून सुमारे ३३० पिक्सेल उंच दिसला तर साडेसहा अंश झाले. ४६० भागिले (१७.५ गुणिले ६.५) म्हणजे जवळपास चार किलोमीटर. आता काठावर तुंगपासून चार किलोमीटरवरच्या जागाच तपासायच्या.

८. कॅमेरा किती उंचीवर आहे

तुमच्या इतक्याच उंचीचा माथा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. तुंगचा माथा मागच्या दूरच्या क्षितिजाला जेमतेम टेकलेला असेल तर कॅमेराही तेवढ्याच उंचीवर, म्हणजे तिकोना, लोहगड यांपैकी कुठेतरी आहे. तुंग आभाळात घुसलेला असेल तर कॅमेरा खाली आहे. फार दूरच्या डोंगरांसाठी पृथ्वीची वक्रता धरा. ४० किलोमीटरवरचं शिखर सुमारे शंभर मीटर बुटकं दिसतं. कळसूबाईसारखं (१६४६ मीटर) शिखर लांबून "एवढंसंच" का वाटतं, त्याचं एक कारण हेही आहे.

९. गूगल अर्थमध्ये जाऊन उभे राहा

आधी सेटिंगमध्ये उंची फुगवून दाखवणारा आकडा १ वर आणा. तो १.५ किंवा २ वर राहिला तर सगळे डोंगर टोकदार होतात आणि बरोबर जागाही चूक वाटते. मग तुमच्या उमेदवार जागेवर जमिनीच्या पातळीपर्यंत उतरा, ठरलेल्या दिशेला तोंड करा आणि पडद्यावरची रेघ ट्रेसिंग पेपरशी जुळवा. पन्नास मीटर डावीकडे, पन्नास मीटर उजवीकडे सरकून बघा. पुढची रेघ मागच्या रेघेवर बरोबर बसेपर्यंत सोडू नका.

इथे बहुतेकजण अडकतात ते एका कारणाने. जमिनीच्या उंचीचे बरेचसे आकडे साधारण ३० मीटरच्या जाळीवर घेतलेले असतात. वानरलिंगीसारखा बारीक सुळका त्या जाळीच्या छिद्रातून निसटतो आणि पडद्यावर तिथे नुसतं टेपाड दिसतं. लिंगाणाही गोलसर होतो. उभे कडे उतरणीसारखे दिसतात. म्हणून संगणकावर सुळका दिसला नाही यावरून जागा बाद करू नका, रुंद डोंगर आणि दूरची रेघ जुळवा. पीकफाइंडरलाही हेच लागू.

१०. हमखास गल्लत होणाऱ्या जोड्या

हरिहर आणि कलावंतीण: दोन्हीकडे कोरीव पायऱ्या. हरिहरच्या पायऱ्या एका सरळ रेषेत कातळावर चढतात आणि प्रत्येक पायरीला हात अडकवायला खोबण्या आहेत. कलावंतीणच्या पायऱ्या मोठ्या, ओबडधोबड, धारेच्या कडेने वळत जाणाऱ्या, आणि बाजूला प्रबळगडाचा अजस्र माथा असतो.

तुंग आणि तिकोना: दोन्ही लांबून त्रिकोणी. तुंग जास्त निमुळता.

राजमाची: श्रीवर्धन उंच आणि पूर्वेला, मनरंजन बुटका आणि पश्चिमेला. उंच बालेकिल्ला उजवीकडे दिसत असेल तर कॅमेरा दक्षिणेला, लोणावळ्याच्या बाजूला.

सिंहगड ओळखायला माथ्यावरचे टीव्हीचे मनोरे पुरतात. पवनचक्क्या दिसल्या की साताऱ्याकडच्या चाळकेवाडीचं नाव लगेच येतं, पण पवनचक्क्या राज्यात इतर पठारांवरही आहेत.

११. उत्तर कसं लिहावं

"तिकोना वाटतो" हे उत्तर नाही. असं लिहा: "कॅमेरा तिकोन्याच्या माथ्यावर, वायव्येकडे तोंड. डावीकडे तुंग, उजवीकडे लोहगड, कोन ४० अंश. काठ भरलेला आणि सोनकी फुललेली म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर. सावल्या पश्चिमेला म्हणून सकाळ." किमान तीन पुरावे द्या आणि ते एकमेकांवर अवलंबून नसावेत. क्षितिज, ऊन आणि झाडोरा हे तीन वेगळे पुरावे. एकाच रांगेतली तीन शिखरं हा एकच पुरावा. दुसरी कुठली जागा तपासून बाद केली आणि का, तेही लिहा. त्या एका ओळीने वाचणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ वाचतो.

काही जागा जाहीर करू नयेत. गिधाडांची घरटी, सापडलेली शिल्पं, एकट्या माणसाचा मुक्काम किंवा कुणाचं घर दिसत असेल तर उत्तर विचारणाऱ्याला खासगीत कळवा, तेही त्याला ते का हवंय हे कळल्यावर. आणि जागा सापडली म्हणजे जायची मुभा मिळाली असं नाही. वासोट्यासाठी वनविभागाची परवानगी लागते, बामणोलीहून बोट घ्यावी लागते आणि पावसाळ्यात तो बंद असतो. निघण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून वाट उघडी आहे का ते विचारून घ्या.